मकरंदापासून मावशीपर्यंत

भवभूतीच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही, ही गोष्ट संस्कृत नाट्याच्या अभ्यासकांनी पुष्कळदा नमूद करून ठेवली आहे, आणि तिच्यावरून हा कवी गंभीर प्रकृतीचा होता, करुणरसात रमणारा होता, हास्य त्याला मानवत नसे, असा निष्कर्षही बहुतेकांनी काढला आहे. निष्कर्ष सोयीचा आहे. परंतु ज्याने 'मालतीमाधव' या दहा अंकी प्रकरणाचा सातवा अंक लक्षपूर्वक वाचला असेल त्याला तो पटणे कठीण. विदूषक हा संस्कृत रंगभूमीवर हास्याचा पगारी नोकर होऊन बसला होता. भवभूतीने त्या नोकरास रजा दिली आणि त्याचे काम नाटकातील प्रतिष्ठित गृहस्थांकडून करून घेतले, एवढाच त्या अभावाचा अर्थ.

प्रकरण असे आहे. विदर्भराजाचा अमात्य देवरात याचा पुत्र माधव विद्याध्ययनासाठी पद्मावती नगरीत येतो आणि तेथील अमात्य भूरिवसू याची कन्या मालती हिच्यावर अनुरक्त होतो. दोघांच्या पित्यांनी आपल्या अपत्यांचा विवाह परस्परांशी करण्याची प्रतिज्ञा विद्यार्थिदशेतच केलेली असते. परंतु मालती आपल्या मर्जीतल्या नंदनास द्यावी असे राजाच्या मनात येते, आणि एकदा राजाच्या मनात आल्यावर अमात्याच्या मनाला विचारतो कोण? तेव्हा कामंदकी नावाची बौद्ध परिव्राजिका, जिने खरे तर संसाराच्या खटपटींतून केव्हाच अंग काढून घ्यावयास हवे होते, ती या खटपटीत आनंदाने पडते. वधूवेष नगरदेवतेच्या मंदिरात चढवावयाचा असतो. तो मालतीऐवजी माधवाचा मित्र मकरंद चढवितो. मालती माधवाबरोबर निघून जाते. आणि थोड्याच दिवसांपूर्वी पिंजऱ्यातून सुटलेला वाघ ज्याने मारला तो हा धट्टाकट्टा तरुण दागदागिन्यांनी मढून, मान खाली घालून, नंदनाची वधू म्हणून वाजतगाजत त्याच्या घरी जातो. रात्री नंदन प्रथम विनवण्या करतो, मग बळजोरीवर येतो, आणि नववधूच्या हातून असा काही प्रसाद घेऊन बाहेर पडतो की पुन्हा तिच्याशी संबंध ठेवणार नाही, अशी शपथच तो वाहतो.

येथवरचा भाग शुद्ध प्रहसनाचा आहे आणि कोणत्याही गावच्या नाटक मंडळीस तो साधेल. भवभूतीचा हात दिसतो तो यापुढे. नंदनाची बहीण मदयंतिका या उद्धट भावजयीची कानउघाडणी करण्यासाठी येते. मकरंद शय्येवर तोंडावर पांघरूण ओढून झोपेचे सोंग घेऊन पडलेला आहे. लवंगिका आणि बुद्धरक्षिता या दोघी चतुर सख्या बोलण्याच्या ओघात मदयंतिकेच्या मनातले एकेक काढून घेतात, आणि ज्याने आपल्याला वाघाच्या दाढेतून सोडविले त्या मकरंदावाचून आपणांस दुसरे काही सुचत नाही, असे ती मुलगी सांगू लागते. ज्याच्याविषयी ती बोलत आहे तो हातभर अंतरावर, तिच्याच घरातल्या बिछान्यावर, स्त्रीच्या वेषात पडून ते ऐकतो आहे. प्रेक्षकांना हे ठाऊक आहे, सख्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते तिला एकटीला. मकरंद मकरंदाच्या वेषात असता तर हे शब्द त्याच्या कानी कधीही पडले नसते, कारण कुलीन कन्येने ते पुरुषासमक्ष उच्चारावयाचे नसतात. नंदनाला फसविण्यासाठी चढविलेल्या वेषाने नंदन फसला हे खरे. पण आपण कोणाच्या आयुष्यात काय आहोत हे मकरंदास कळले तेही त्या वेषामुळेच. वेषांतराच्या विनोदाची सारी किल्ली मला या एका अंकात दिसते: फसतो दुसरा, आणि शहाणा होतो सोंग घेणारा.

भवभूती आठव्या शतकाच्या आरंभीचा, कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयास राहिलेला. पण आपले कूळ तो विदर्भातील पद्मपूरचे सांगतो. हे पद्मपूर म्हणजे आमगावनजीकचे पदमपूर होय, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी प्रतिपादन केले, आणि ते मत आज बहुमान्य झाले आहे. मिराशींनी हे लिहिले तेव्हा पदमपूर भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ साली जिल्ह्याचे विभाजन होऊन ते गोंदियाच्या दफ्तरात दाखल झाले. सरकारी दफ्तराने कवीचा गाव हलविला तरी मुलुख एकच राहिला. नागपुराहून पूर्वेस निघालेला महामार्ग वैनगंगेकाठच्या भंडारा शहरात शिरण्यापूर्वी ज्या शेवटच्या काही गावांवरून जातो त्यांत शहापूर आहे. आणि शहापुरापासून थेट आमगावापर्यंत व दक्षिणेस वडशापर्यंत जो प्रदेश पसरला आहे त्याला लोक झाडीपट्टी म्हणतात. धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव आणि त्यांच्यापलीकडे झाडी. गोंड राजांचा अंमल, मग नागपूरकर भोसल्यांची कमावीस, १८५३ साली ते राज्य खालसा झाल्यावर इंग्रजी जमाबंदी, आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाल्यावर पक्की झालेली मालगुजारी, इतक्या राजवटी या बांध्यांवरून गेल्या. १९५१ साली मालगुजारी नष्ट झाली. पण सोंगांचा हंगाम कोणत्याही बंदोबस्तात बदलला नाही, कारण तो महसुलाच्या नव्हे तर पिकाच्या पंचांगावर चालतो.

दिवाळीच्या सुमारास हलके धान हाती येते. भाऊबीज उलटली की गावोगावी मंडई भरू लागते. शेजारच्या गावांची मंडई एकाच दिवशी येऊ नये अशी जुनी वहिवाट आहे, त्यामुळे पाहुण्यांना आज या गावी तर उद्या त्या गावी असे करीत पंधरवडा काढता येतो. गोवारी आपल्या ढाली घेऊन नाचतात, सासरच्या लेकी माहेरी आलेल्या असतात, दिवसा बाजार भरतो आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत उभी राहते. शहापूर हमरस्त्यावरचे असल्यामुळे, आणि १९६० नंतरच्या दशकात शेजारी जवाहरनगरची आयुध निर्माणी उभी राहिल्यामुळे, तेथल्या वस्तीत नाना मुलखांचे लोक मिसळले. तरी त्या परिसराची रात्रीची करमणूक ही मुळात याच परंपरेची आहे, आणि शहापुराची म्हणून काही नाट्यस्मृती असेल तर ती मंडईच्या या रात्रींतच शोधली पाहिजे.

दंडार ही गावच्याच पुरुषांनी ढोलकीच्या ठेक्यावर नाचून, गाऊन आणि मध्ये मध्ये बोलून केलेली. पौराणिक आख्यानाचा धागा धरावयाचा आणि त्यात गावची थट्टा गुंफावयाची, ही तिची रीत. खडी गंमत हे तमाशाचे वैदर्भीय भावंड. शाहीर उभ्याने गातो, मागे झीलकरी, आणि स्त्रीवेषातला नाच्या. दोन्हींत बाई नाही, बाईचा वेष आहे. परंतु या एकाच रंगणात, एकाच लुगड्यात, दोन अगदी वेगळ्या जातींची सोंगे उभी राहत, आणि तिकडे आपल्या नाट्येतिहासकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. एक नाच्याचे. त्याने बाई दिसावे, बाईसारखे मुरडावे आणि पाहणाऱ्याने तो पुरुष आहे हे त्या रात्रीपुरते विसरून जावे, असा तेथे करार असतो. दुसरे मावशीचे. तमाशाच्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची जी म्होरकी, ती ही मावशी. ते काम सोंगाड्याचे, आणि त्याने बाई दिसू नये यातच त्याची करामत. आवाज पुरुषाचा, चाल पुरुषाची, डोक्यावर पदर. ती कृष्णाशी भांडते, पेंद्याला झापते, आणि लुगड्याआडचा गडी कोण आहे हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. नाच्याच्या सोंगात पुरुष लपतो, मावशीच्या सोंगात तो मुद्दाम उघडा राहतो. पहिल्याकडे पाहून लोक शिट्या घालीत, दुसऱ्याला हसत. आणि हसता हसता मावशी मालगुजाराच्या दिवाणजीविषयी, सावकाराच्या व्याजाविषयी, पाटलाच्या थोरल्या सुनेच्या तोऱ्याविषयी जे बोलून जाई, ते त्याच गड्याने लुगडे फेडून दुसऱ्या दिवशी चावडीवर बोलून दाखविले असते तर त्याची धडगत नव्हती. सोंगाला ही एक सनद होती. ती कोणी लिहून दिली नव्हती आणि ती सहसा मोडलीही जात नसे.

असल्या सोंगांना आधार म्हणून पुराणे हवी तेव्हा हजर. लोकांच्या तोंडच्या कथेत कीचकाला गाठण्यासाठी भीम लुगडे नेसतो, आणि त्याच्या मिशांचे काय करावयाचे या प्रश्नावर सोंगाड्याला घटकाभर खेळता येते. पण विराटपर्वातील खरे प्रहसन भीमाचे नव्हे, उत्तराचे आहे. कौरवांनी गाई वळविल्या तेव्हा हा राजपुत्र अंतःपुरातील बायकांत बसून, चांगला सारथी मिळाला असता तर आपण काय काय केले असते, याच्या बढाया मारतो. दुर्दैवाने सारथी मिळतो, तोही नृत्यशिक्षिका बृहन्नडा. आणि शत्रुसैन्य दिसताच उत्तर रथातून उडी टाकून पळत सुटतो. त्याच्यामागे वेणी आणि तांबडी वस्त्रे उडवीत बृहन्नडा धावते. ते दृश्य पाहून कौरवांचे सैनिक हसू लागतात; आणि हसतानाच त्यांच्यापैकी काहींच्या ध्यानात येते की या धावणाऱ्या षंढाचे खांदे, मान, बाहू हे अर्जुनासारखे आहेत. महाभारतकाराने हास्य आणि ओळख एकाच क्षणी ठेवली आहेत, ही साधी कारागिरी नव्हे. पुढे शमीवृक्षाखाली उत्तर पुरावा मागतो, अर्जुन आपली दहा नावे अर्थांसह सांगतो, आणि ज्याने आतापर्यंत बायकांपुढे वीराचे सोंग घेतले होते तो पोरगा, बाईचे सोंग घेतलेल्या वीराचा सारथी होऊन रणात परत फिरतो. त्या प्रसंगात खरे वेषांतर कोणाचे होते, अर्जुनाचे की उत्तराचे, हे सांगणे सोपे नाही. आणि दिवसाढवळ्या आपापल्या रुबाबाचे सोंग घेऊन हिंडणाऱ्या गावकऱ्यांना ही कथा का आवडते, हे सांगणे मात्र मुळीच अवघड नाही.

आता पश्चिमेकडे वळू. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगविले तेव्हा सीता अर्थातच पुरुष होती, आणि त्यात कोणाला हसण्यासारखे काही दिसले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाटक मंडळ्या पौराणिक आख्यानाच्या शेपटाला 'फार्स' जोडू लागल्या. हा शब्द आणि ही चाल मुंबईच्या इंग्रजी करमणुकीतून आलेली. देव-राक्षसांचा आरडाओरडा संपला की सभ्य कपड्यांतील चार पात्रे येऊन जरठकुमारी विवाह, दारू, सुधारकांची फजिती असल्या विषयांवर प्रेक्षकांना हसवून घरी पाठवीत. यांतले पुष्कळसे फार्स वाया गेले तर साहित्याचे नुकसान झाले असे वाटत नाही. विदर्भाचे म्हणून म्हणावयाचे तर नागपुरात जन्मलेले आणि वऱ्हाडात वकिली केलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी आपल्या नाटकांत वेषांतराचा फार सढळ हाताने वापर केला; परंतु त्यांच्या वेषांतरात कोटी अधिक आणि माणूस कमी, त्यामुळे पात्राने मुखवटा काढला तरी आत निराळे काही सापडत नाही.

सापडते ते देवलांत. गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे नाटक लिहिले. त्याचा वंश सरळ आहे: मोलिएरने १६६० मध्ये एक छोटे प्रहसन लिहिले, त्यावरून आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराने १७६१ मध्ये पाच अंकी इंग्रजी नाटक केले, आणि ते देवलांनी मराठी संसारात आणले. पुढे देवलांनीच त्याला संगीताचा साज चढविला आणि १९१६ साली, त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, गंधर्व नाटक मंडळीने ते 'संशयकल्लोळ' या नावाने रंगभूमीवर आणले. फाल्गुनरावाचे काम गणपतराव बोडसांचे, रेवतीचे बालगंधर्वांचे.

या नाटकाचा विशेष असा की त्यात मुद्दाम कोणीच सोंग घेत नाही, तरी प्रत्येक जण दुसऱ्याला सोंग घेतलेला दिसतो. रेवतीला भर रस्त्यात घेरी येते आणि फाल्गुनराव तिला सावरतो. त्याची बायको कृत्तिका ते लांबून पाहते आणि तिच्या दृष्टीने नवरा हा छुपा रंगेल ठरतो. अश्विनशेठची तसबीर रेवतीच्या हातून पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते, आणि फाल्गुनरावाच्या दृष्टीने बायको व्यभिचारिणी ठरते. एका वीतभर तसबिरीने चार भल्या माणसांवर चार खोटे वेष चढतात, आणि ते चढविणारा शिंपी म्हणजे त्यांच्याच डोळ्यांतला संशय. देवलांनी फाल्गुनरावाला नुसता मूर्ख केला नाही. तो वयाने उतरणीला लागलेला, बायको तरुण, आणि तिला आपण आवडत नसू ही धास्ती त्याच्या मनात नाटक सुरू होण्यापूर्वीपासूनच आहे; तसबीर निमित्त. शेवटी घोटाळा उलगडतो तेव्हा त्याला अश्विनशेठविषयी वा रेवतीविषयी जे कळते ते किरकोळ आहे. कळण्याजोगे जे कळते ते स्वतःविषयी, आणि ते त्याला थोडे लाजवून, फारसे न दुखविता कळते. प्रहसनाने माणसाशी कसे वागावे याचा हा नमुना मोलिएरच्या मूळ कृतीपेक्षा अधिक मायाळू आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करतो. तज्ज्ञांनी रागावू नये.

रेवतीचे काम पुरुषाने करावे यात त्या प्रेक्षकांना विनोद दिसत नव्हता. मखमली पडद्यासमोर बालगंधर्व शालू नेसून उभे राहत तेव्हा पुण्या-मुंबईच्या स्त्रिया त्यांच्या पदराची ठेवण आणि केसांतली फुले पाहून घरी तसे करून पाहत. शहरी रंगभूमीवर नाच्याच्या त्या जुन्या करारालाच कलेची प्रतिष्ठा मिळाली, शालजोडी मिळाली; आणि झाडीतल्या वा घाटावरच्या फडात तोच करार पाळणाऱ्या नाच्याच्या वाट्याला मात्र दिवसा टिंगल आली. 'नाच्या' ही शिवी झाली. आनंद यादवांनी 'नटरंग' कादंबरीत अशाच एका पहिलवानी बांध्याच्या माणसाची कथा सांगितली आहे, ज्याने फडासाठी नाच्याचा वेष घेतला आणि वेष उतरला तरी लोकांनी तो उतरू दिला नाही. मकरंदाला वेषातून प्रेयसी मिळाली. या माणसाचे घर गेले. एकाच युक्तीचे हे दोन शेवट कोणत्याही शास्त्रात बसत नाहीत. ते समाजाच्या उतरंडीत बसतात, आणि जो विनोद या उतरंडीच्या वरच्या पायरीवर बसून खालच्या नाच्याला हसतो त्याच्याविषयी मला फारसा आदर नाही.

मग १९३३ साल आले. त्या वर्षी जुलैच्या पहिल्या तारखेस नाट्यमन्वंतर या संस्थेने मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' रंगविली आणि त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली. त्याआधीही हिराबाई बडोदेकर आदी स्त्रियांनी रंगभूमीवर पाऊल टाकले होते. परंतु या वर्षानंतर स्त्रीपार्टी नटाचा काळ उताराला लागला हे स्पष्ट झाले. याचा एक परिणाम कोणी मोजला नाही. बाईचे काम बाई करू लागताच लुगड्यातला पुरुष पुन्हा पुरुष दिसू लागला. जो वेष शंभर वर्षे नाट्यसंकेत होता तो आता हास्यास्पद झाला, आणि गवळणीतल्या मावशीला शहराचे दार उघडले.

ते दार आचार्य अत्र्यांनी उघडले. ब्रँडन टॉमस या इंग्रज नटाचे 'चार्लीज आंट' हे प्रहसन १८९२ साली लंडनमध्ये आले आणि तेथे त्याचे सलग १४६६ प्रयोग झाले. अत्र्यांनी ते 'मोरूची मावशी' म्हणून मराठीत आणले. बापूराव माने यांनी मावशी उभी केली आणि १९८०नंतरच्या दशकात विजय चव्हाणांनी ती नव्या पिढीसमोर पुन्हा नाचविली. कथा सर्वश्रुत आहे: तरुणांना आपल्या मैत्रिणींना घरी बोलवावयाचे आहे, त्यासाठी घरात एक वडीलधारी बाई हवी, श्रीमंत मावशी वेळेवर येत नाही, म्हणून एका मित्रालाच मावशी केले जाते, मग म्हातारे तिच्या पैशावर भाळतात आणि अखेर खरी मावशी येऊन उभी राहते. मराठी प्रेक्षकांनी यातला धुडगूस उचलला आणि त्यात काही वावगे नाही. परंतु मूळ इंग्रजी नाटकात एक लहानसा प्रवेश आहे, ज्यात मावशीच्या वेषातल्या त्या तरुणासमोर एक मुलगी मन मोकळे करते: आपल्या मरणासन्न पित्याशी पत्ते खेळताना एका गृहस्थाने मुद्दाम हरून आपल्याला पैशाने सावरले, त्या गृहस्थाला आपण विसरू शकत नाही, आणि तुमचा आवाज ऐकला की त्याची आठवण होते. तो गृहस्थ म्हणजे समोर बसलेली मावशी.

पद्मपूरच्या कवीची एकही ओळ ब्रँडन टॉमसने वाचली असेल असे मानण्यास जागा नाही, आणि तशी जागा शोधण्याचा खटाटोपही करू नये. अकराशेंहून अधिक वर्षांच्या आणि सात समुद्रांच्या अंतराने दोन नाटककारांनी एकाच ठिकाणी हात घातला, कारण ज्या समाजात तरुण मुलीने परपुरुषाशी मनातले बोलावयाचे नसते त्या प्रत्येक समाजात ही जागा रिकामीच ठेवलेली असते: बाईशी बाई बोलते, त्या बोलण्याच्या जागेवर पुरुष चोरून जाऊन बसतो, आणि आपले नाव ऐकून लाल होतो. फरक आहे तो असा की इंग्रजी नाटकातला तरुण अवघडून जातो, आणि मकरंद उठून मदयंतिकेचा हात धरतो व त्याच रात्री तिला घेऊन नगररक्षकांशी लढत बाहेर पडतो. वाघ मारलेल्या माणसाला एवढे शोभते.

याच परंपरेचा उलटा आरसा पाहावयाचा असेल तर अत्र्यांच्याच १९६२ सालच्या 'तो मी नव्हेच'कडे पाहावे. ते प्रहसन नव्हे. न्यायालयातील खटला आहे, जरी प्रेक्षक त्यात पोट धरून हसतात. प्रभाकर पणशीकरांनी फिरत्या रंगमंचावर पाच वेष आणि पाच बोल्या बदलीत निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लाखोबा लोखंडे उभा केला, आणि महाराष्ट्राने त्यांना त्यापुढे फारसे दुसरे काही होऊ दिले नाही. लाखोबाच्या वेषांतराने बायका नागविल्या जातात. पण विशेष असा की पाच वेषांतल्या एकाही वेषाने लाखोबाला स्वतःविषयी काही सांगितले नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून तो आपल्या प्रत्येक सोंगाला नाकारतो, आणि सोंगे नाकारून झाल्यावर खाली काही शिल्लक आहे की नाही याचा पत्ता प्रेक्षकाला लागत नाही. मकरंद आणि फाल्गुनराव यांच्याकडे पाहून हसू येते व राहते. लाखोबाकडे पाहून आलेले हसू घरी जाताना अर्ध्या वाटेवर थांबते. त्याचे कारण येथे आहे.

इकडे झाडीत दरम्यान काय झाले? नागपूरहून पूर्वेकडे लोहमार्ग गेला, भंडारा रोडच्या स्थानकावर शहरी नाटकांच्या वार्ता उतरू लागल्या, आणि दंडारीच्या रंगणाशेजारी पडदे, अंक व हार्मोनियम असलेले नाटक उभे राहिले. त्यातून आजची झाडीपट्टी रंगभूमी घडली. वडसा-देसाईगंज हे तिचे ठाणे. दिवाळीपासून होळीच्या आगेमागेपर्यंत तिचा हंगाम. गावची मंडई किंवा बैलांचा शंकरपट असला की रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडावयाचा आणि उजाडेपर्यंत खेळ चालवावयाचा. प्रेक्षकांना बसण्यासाठी कित्येक ठिकाणी जमीन उतरती खणून काढतात. शहरी टीकाकारांनी या रंगभूमीला भडक म्हटले, रेकॉर्डिंग नाचांवरून तिला नावे ठेवली, आणि त्यांत तथ्य नाही असेही नाही. पण सरकारी अनुदानाकडे डोळे न लावता केवळ तिकिटाच्या पैशावर चार जिल्ह्यांत उभा राहिलेला एवढा नाट्यव्यवसाय त्या टीकाकारांच्या शहरांत आढळत नाही.

झाडीपट्टीच्या नाटकात नायक, नायिका, खलपुरुष ही मंडळी बहुधा ग्रंथी मराठी बोलतात, आणि विनोदी नट झाडीबोलीत शिरतो. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोले आणि विदूषक व स्त्रिया प्राकृत बोलत, हे ज्याला आठवते त्याला ही वाटणी नवी वाटणार नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास उभा करण्यापूर्वी ही बोली म्हणजे अशुद्ध मराठी असेच शाळेत शिकविले जाई. तेव्हा रंगमंचावर तिला एकच वेष मिळत असे, हसे करणाऱ्याचा. पण तेथेही सोंगाने आपले काम केले. विनोदी नटाच्या तोंडून आपलीच बोली ऐकताना प्रेक्षक हसतात ते त्या बोलीला नव्हे, ती बोलल्यावर ज्या साहेबाचा किंवा सावकाराचा चेहरा पडतो त्याला. आणि रात्रभर ऐकून झाल्यावर ग्रंथी भाषेतले नायकच जरा उपरे वाटू लागतात. गडचिरोली जिल्ह्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी ८०० भूमिका आणि हजारो प्रयोग केल्याचे सांगितले जाते. त्यांत विनोदी भूमिकांचा वाटा मोठा, आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा विनोदी नटाच्या त्या बोलीलाही राष्ट्रपती भवनाचा उंबरठा ओलांडता आला.

स्त्रीपात्रे आता या रंगभूमीवर स्त्रियाच करतात. नागपूर-मुंबईकडून नट्या बोलाविल्या जातात आणि त्यांची नावे हस्तपत्रकांवर ठळक छापली जातात. नाच्याचा तो जुना करार संपला, आणि त्याच्या वाट्याला आलेली अवहेलना ध्यानात घेता तो संपला याचे वाईट वाटून घेण्याचे कारण दिसत नाही. मावशी मात्र हटलेली नाही. नाटकात कुठे तरी, बहुधा मध्यरात्र उलटल्यावर, एखादा दणकट विनोदी नट पोलिसांपासून, सावकारापासून किंवा स्वतःच्या बायकोपासून लपण्यासाठी लुगडे गुंडाळून येतोच. त्याची बायको त्याला न ओळखता त्याच्याचपाशी नवऱ्याच्या तक्रारी सांगत बसते, तो पदराआडून हुंकार भरतो, आणि मंडपात बायका बसतात त्या बाजूकडून आधी हसू फुटते.